बुटावरचं वांगं

कॅम्प-१, भिलाई
१० जानेवारी १९६०

ती. टिकारामदादास,
सत्यशीलेचा सविनय जयभीम. वि. वि.

आम्ही सर्व खुशाल, खानावळ तेवढी नाही. मागच्या महिन्यात बावीस जण जेवत होते, आता नऊ. समोर गुलाबरावांनी टेबल-खुर्चीची खानावळ काढली आहे. त्यांचं वरण म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. हे जळून लिहीत नाही. थोडं जळून लिहिते. पण तिथं बूट घालून जेवता येतं. माझी पंगत जमिनीवर, बूट दाराशी, आणि कारखान्याने सगळ्यांना दिलेले बूट एकसारखे काळे. भोंगा झाला की हाती येतील ते घालून जो तो धावतो. सोमवारी एक फिटर दोन्ही डावे बूट घालून ड्युटीवर गेला. दोन्ही उजवे ज्याला उरले, तो अजून माझ्याशी बोलत नाही.

हिराचे बाबा म्हणतात, एप्रिलातल्या भीमजयंतीपर्यंत पाहू. नाही जमलं तर ही खोली सोडायची, त्यांनी बराकीत राहायचं आणि मी हिराला घेऊन गावी यायचं. तुमची शाळा चौथीपर्यंत आणि हिरा पाचवीत आहे. मला झोप नाही. काय करू ते कळवा.

आपली बहीण,
सत्यशीला


मोहखेडी, जि. भंडारा
१८ जानेवारी

चि. सत्यशीला हीस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र आबांना वाचून दाखवलं. दोन डाव्या बुटांवर ते ठसका लागेपर्यंत हसले, हिराचं ऐकून मात्र म्हणाले, तुले चौथीवरच थांबवलं, हे मले अजून टोचते.

काळ नव्या युक्तीचा आहे. जुनं कवटाळणाऱ्या मोठमोठ्या पेढ्या बुडतात, असं मी मासिकात वाचलं. तूही टेबल कर. बुटांना नंबर टाकून रजिस्टर ठेव. नमुना सोबत जोडला आहे, रकाने फक्त चौदा.

तुझा,
टिकाराम


कॅम्प-१
१५ फेब्रुवारी

ती. दादास,
सविनय जयभीम.

खाटेच्या फळ्यांचं टेबल नि बाक केला. माणसं बाकावर मांडी घालून बसली. एक जण उठला तशी फळी उलटली आणि कढी फोरमनच्या मांडीवर गेली. तुमच्या रजिस्टरचा सातवा रकाना होईपर्यंत दुसरा भोंगा झाला. शिवाय निम्म्यांना अक्षरओळख नाही.

मग मी दोन दिवस नुसतं दाराशी बसून पाहिलं. आल्याबरोबर माणसं आपणहून बूट काढतात, बोटं हलवतात, मग कुठे बोलतात. त्यांना बूट काढायला हवेच असतात, फक्त आपलेच परत मिळायला हवेत. सुपेल्याच्या बाजारातून रंग आणला आणि प्रत्येकाच्या टाचेवर एक चित्र काढलं, तेच भिंतीवर त्याच्या जागी. मासा, पोपट, आंबा. आता सव्वीस जण आहेत. पोपट मिळाला नाही म्हणून एक तेलुगू वेल्डर रुसला होता, त्याला मोर दिला.

गुलाबरावांनीही लगेच चित्रं सुरू केली. त्यांच्याकडे बूट कुणी काढतच नाही, तरी ते रंगवून देतात.

आपली,
सत्यशीला


मोहखेडी
२४ फेब्रुवारी

चि. सत्यशीला हीस आशीर्वाद.

रजिस्टरमधूनच तुला युक्ती सुचली, हे मी गावात सांगितलं आहे.

एक खबर. आपल्या गावच्या मालगुजारांचे पुतणे भय्याजी तिकडे नोकरीला लागले आहेत. ते काही तुझ्या दारी यायचे नाहीत, पण चार लोकांना अडवतील, म्हणून जपून राहा. त्यांच्या घरासमोरून जाताना आबा वहाणा काढून हातात घेत, हे तू विसरली नसशील. आबा तर नाहीच विसरले.

टिकाराम


कॅम्प-१
२० मार्च

ती. दादास,
सविनय जयभीम.

चौतीस जण झाले. खोली सोडायची नाही, असं हिराचे बाबा स्वतःच म्हणाले. हिरा चाचणीत तिसरी आली.

भय्याजी दहा दिवस गुलाबरावांकडे जेवले. अकराव्या दिवशी आमच्या दारात उभे. मी ओळखलं, त्यांनीही ओळखलं. मी पान वाढलं. जेवले, दोनदा वरण मागितलं, आणि निघताना बूट सापडेनात. त्यांवर चित्र नव्हतं, मोरवाला वेल्डर भोंग्याच्या घाईत तेच घालून गेला होता. दुसऱ्या दिवशी येऊन हळूच म्हणाले, बाई, मले बी एक चित्र काढून द्या. चांगली चित्रं सगळी वाटून झाली होती. वांगं उरलं होतं, ते चालेल म्हणाले.

आबांना एवढं वाचून दाखवा. भय्याजींनी बूट स्वतःच्या हाताने माझ्यापुढे पालथे ठेवले आणि वांगं वाळेपर्यंत माझ्या दारात अनवाणी उभे राहिले.

माया आहेच, ती अशीच असू द्या.

आपली बहीण,
सत्यशीला