तिकीट ठेकेदाराले, माईक दादाले

रविवार, संध्याकाळ, चाकण

आन् मी काय खोटं बोलत होतो? पार्टीच्या मागं फिरू नको म्हणून दादाले कितीदा सांगितलं. मी सातवीत शाळा सोडली तवापासून पार्टीचा साहेब मराठीत बोलते आन् माहा दादा एटापल्लीकडच्या गावागावात माईक धरून ते गोंडीत सांगते. जिल्हा परिषदेचं तिकीट मात्र दिलं अहेरीच्या ठेकेदाराले. तो पार्टीत आला परवा. गोंडीत त्याले पाणीबी मागता येत नाई.

आज फोनवर दादा म्हणे, साहेबानं बोलावलं होतं. ठेकेदाराच्या सभेत माईक तूच धर म्हणे, तू घरचा माणूस.

माईक धर म्हणे. डोस्कंच फिरलं माह्यं.

"तू हो म्हणला असशील," म्हणलं.

"नाई म्हणलो. उद्या अपक्ष फॉर्म भरून राह्यलो."

"पडशील, दादा."

"पडीन. पण ठेकेदार गावात मुक्यासारखा उभा राहते का नाई, बघ."

पडणारच आहे, मले पक्कं माहीत आहे. इतकी वर्षं काऊन नाई सुचलं त्याले हे? साहेबाले दोन शिव्या दिल्या, दादाले चार, आन् फोन ठेवला. डिपॉझिट आन् फटफटीच्या पेट्रोलसाठी पाठवून राह्यलो, साडेतीन हजार.