बुटकी चौकट

३१ डिसेंबर, मंगळवार

काल येळवस, म्हणजे वेळा अमावस्या. मुरुडला नणंदेच्या, आक्कांच्या, शेतात. भज्जी, उंडे, आणि आंबील किती प्यायले ते लिहीत नाही. आज कॉलेजात मानसशास्त्राच्या तासाला 'अवधान' शिकवताना माझंच अवधान डुलक्या घेत होतं.

मी वही घेऊनच गेले होते. आक्कांकडून जुन्या घराची माहिती हवी होती, एका नाटकासाठी. विषय निघतोय म्हटल्यावर आमचे हे, प्र., ताटावरून उठून भावजींबरोबर हरभरा बघायला गेले. लग्नाला चोवीस वर्षं झाली. त्र्याण्णवच्या भूकंपात घर गेलं, आईवडील गेले, हे तेव्हा बारावीला, लातूरच्या होस्टेलवर. त्याआधीच्या घराबद्दल नवऱ्याच्या तोंडून एक अक्षर नाही. विचारलं की 'आठवत नाही.'

आक्का मात्र सुटल्या. "चौकट लई बुटकी. ह्यो ताडमाड. रोज कपाळ आपटायचा. आई चुलीपुढनंच वरडायची, वाक रे लंब्या, माझ्या माहेरच्या लाकडाची चौकट हाय, मोडशील!" म्हणजे काळजी चौकटीची, कपाळाची नाही. खूप हसलो. मग आक्कांनी पदर डोळ्याला लावला. हे काय उत्तर द्यायचे, विचारलं. आक्कांना काही आठवेना.

५ जानेवारी, रवि.

मिलिंद आला. माझा जुना विद्यार्थी, कंधारचा, नाटकापायी दोन नोकऱ्या सोडलेला. त्याचं खूळ असं: प्रेक्षक एका वेळी एकच. डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा, त्यात भूकंपाआधीचं घर दिसतं. भोवती मात्र खरी माणसं, खरा धूर, खरा हात. डोळा काय मानतो आणि अंग काय मानतं, हे सांगायला मी.

चष्म्यातलं घर त्याच्या पुण्याच्या मित्रानं बनवून पाठवलं. उघडून बघितलं तर वर उतरती लाल कौलं! मागं नारळ! मी फोनवर म्हटलं, बाबा रे, आमच्याकडं माळवद असतं, सपाट, मातीचं, वर माणसं झोपतात. तो म्हणाला, मग पावसाचं पाणी? म्हटलं, पाऊस आला तर बघू. मिलिंद जमिनीवर लोळून हसत होता.

हॉल प्र.नी दिला. त्यांच्या क्लासचाच, रविवारची टेस्ट संपली की दुपारी रिकामा. कशासाठी, हे विचारलं नाही. बाकं भिंतीला लावा, एवढंच म्हणाले.

९ जाने., गुरु.

तालीम. डो-हा जुळत नाही. डो-हा म्हणजे माझं डोळा-हात. प्रेक्षकाला चष्म्यात आई पाठीवर हात ठेवताना दिसते, त्याच क्षणी कमलताईंचा खरा हात पाठीवर पडायला हवा. अर्धा सेकंद उशीर झाला की मेंदू म्हणतो, चल, फसवतायत.

कमलताई अंगणवाडीत मदतनीस, गावच्या नाटकात वीस वर्षं काम केलेल्या. चष्म्याला 'झापडं' म्हणतात. मी टाळ्या वाजवून ताल देत होते, त्यांना जमेना. शेवटी म्हणाल्या, "मॅडम, तुमी गप ऱ्हावा. मी त्याचा श्वास बघून हात ठिवते." ठेवला. पहिल्या झटक्यात जुळलं. माझी एम.ए., एम.फिल. गेली केराच्या टोपलीत. मजा आली.

१२ जाने., रवि.

क्लासच्या मुलामुलींवर पहिली चाचणी. नायगाव, उदगीर, कुठली कुठली पोरं. सगळी चष्म्यातल्या चौकटीतून ताठ मानेनं आत! लाकूड डोक्यातून आरपार. नीटच्या तयारीची एक मुलगी विचारते, मॅडम, यावर प्रश्न येतो का?

मग मिलिंदनं चौकटीच्या उंचीवर बांबू धरला, चिंध्या गुंडाळून. कपाळाला लागला की कमलताई ओरडतात, "वाक रे लंब्या, चौकट मोडंल!" पोरं दचकतात, हसतात, दुसऱ्यांदा वाकतात. मिलिंद खूश. वाक्य मीच दिलं होतं. घरी येताना जरा चुटपुट लागली. ते वाक्य माझं नव्हतं.

१४ जाने., संक्रांत

तिळगूळ देतानाच सांगून टाकलं प्र.ना. नाटकातली चौकट तुमच्या घराची आहे, आक्कांकडून घेतली. आईंचं एक वाक्यही घेतलंय. तुम्हाला नको असेल तर काढते.

त्यांनी लाडू अख्खा संपवला. मग म्हणाले, "असू दे. मला तसंही काही आठवत नाही." आणि रसायनशास्त्राचे पेपर ओढले.

मला राग आला, खरं सांगायचं तर. आठवत नसेल तर माणूस कुतूहलानं तरी विचारतो. आणि भीतीही वाटली. खरंच पुसलं गेलं असेल तर? भूकंपाच्या वेळी मी तिकडं नांदेडला होते, आमच्याकडं फडताळातली भांडी वाजली एवढंच. मला काय कळणार.

१९ जाने., रवि.

भूकंपानंतर वसवलेल्या यांच्या नव्या गावातून सात जण आले, टेम्पोनं. सगळे पन्नाशी-साठीच्या पुढचे. मिलिंद बांबू घेऊन उभा, पण बांबू कुणाला लागलाच नाही. एकूण एक वाकले. एका आजोबांनी तर आधी चपला काढल्या, हॉलच्या फरशीवर, बाहेर ठेवाव्यात तशा नीट. अंगात राहिलंय सगळं. तोंडाला विचारा, तर चौकट केवढी होती ते सांगता येत नाही. पाठीला बरोबर माहीत.

गंमत म्हणजे चष्मा काढून निघाले, तर हॉलच्या सात फुटी दारातूनही वाकूनच बाहेर. नंतर आपापसात हसले. चहाला दीड तास बसले, कुणाचं माळवद कसं गळायचं यावर भांडले. पुण्याच्या मित्राला कळवायला हवं.

घरी जेवताना हे सगळं सांगितलं. प्र. ऐकत होते. चपला काढल्या म्हटल्यावर घास हातातच राहिला. म्हणाले, कोण आजोबा? नाव सांगितलं. "अजून हायत का ते," एवढंच. हे 'हायत' मी पहिल्यांदा ऐकलं. क्लासमध्ये तर पुस्तकासारखं बोलतात.

२६ जाने., रवि.

झेंडावंदन, मग प्रयोग. गर्दी. प्र. दाराबाहेर उभे होते, बाकं मोजायला आल्यासारखे. आत आले नाहीत. मी बोलावलं नाही. मिलिंद बोलवायला निघाला होता, त्याची बाही धरली.

२ फेब्रुवारी, रवि.

नीट लिहिते, नाहीतर उद्या माझंच मन यात भर घालेल.

शेवटचा प्रेक्षक गेला. प्र. आत आले आणि स्टुलावर बसले. म्हणाले, "लाव." चष्म्याचा पट्टा मी बांधला.

मिलिंदला खुणेनं सांगितलं, बांबू नको. कमलताईंना सांगितलं, वाक्य नको. आम्ही सुचवलेलं त्यांची आठवण म्हणून नको होतं मला. जे असेल ते त्यांचं असू दे, नसेल तर नसू दे.

चालत आले. चौकटीच्या अलीकडं एक पाऊल, आणि वाकले. आणि तसेच थांबले. ताठ होईनात. सहा फूट माणूस, रिकाम्या हॉलमध्ये, समोर काही नाही, मान खाली घालून उभा. कमलताई माझ्याकडं बघतायत, बोलू का. मी मान हलवली, नाही.

मग हळू, पोरासारख्या आवाजात म्हणाले, "वाकलो की गं."

कुणीच हाक मारली नव्हती. कमलताईंनी श्वास बघून पाठीवर हात ठेवला. मी भिंतीकडं तोंड करून रडले. मिलिंदही.

चष्मा काढून प्र.नी तो रुमालानं पुसला. बाकं जागेवर लावली. स्कूटरवर मी मागं बसले, तर रस्ताभर पुढच्या टेस्टबद्दल बोलत होते. मी हं हं करत होते. फार बरं वाटत होतं मला.

३ फेब्रु., सोम.

सकाळी टेबलावर रसायनशास्त्राची प्रश्नपत्रिका. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं घर. चौकट, चूल, माळवदाला साणं म्हणजे उजेडाचं भोक, शेजारी बारीक अक्षरात: 'साणं चुलीवर नव्हतं, न्हाणीकडं होतं. उंबरा चार बोटं उंच करा.' डावीकडची खोली नुसती चौकोन. आत काही नाही. दारही काढलेलं नाही.

कागदाचा फोटो मिलिंदला पाठवला. साणं हलव, उंबरा वाढव, डावीकडच्या खोलीत काही घालू नकोस, असं लिहिलं.

चहा पिताना प्र.नी विचारलं, पुढच्या रविवारी हॉल लागतो का?

पुढच्या रविवारी प्रयोग नाही. मिलिंद नांदेडला जाणार आहे, कमलताईंकडं लग्न आहे.

लागतो, म्हटलं.