पाट्यांना हात लावू नकोस

दादा,

बाबांना आणायला दवाखान्यात निघालेय. तू झोपलायस, आणि त्यांच्यासमोर हे बोलता येणार नाही, म्हणून लिहून ठेवतेय.

पिकअपची उंची कमी करायलाच हवी. बाबांचा पाय आता तेवढा वर उचलत नाही. पण चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे तापवून, ठोकून सपाट करायचं खूळ डोक्यातून काढ. बाबा तेच सांगतात, कारण त्यांना प्रत्येक काम कायमचं लागतं. पाट्यांऐवजी हवेचे फुगे बसवायची तुझी हौसही राहू दे. आपल्या गाडीचे पाटे अ‍ॅक्सलच्या खाली आहेत, दोन्हींच्या मध्ये लोखंडी ठोकळे बसव, म्हणजे गाडी तेवढी खाली येईल. बोल्ट सोडले की ठोकळे निघतात आणि गाडी पुन्हा होती तेवढी उंच होते.

घरी सोडतायत म्हणून तू काल पेढे आणायला निघाला होतास. बरे झाले म्हणून सोडत नाहीयेत रे. डॉक्टर मला बाजूला घेऊन बोलले. तुला तोंडाने सांगायचा धीर झाला नाही.

म्हणून ठोकळेच बसव. बाबांनी विचारलं तर पाटे ठोकलेत, कायमचं काम केलंय, म्हणून सांग. एरवी गाडीखाली शिरून त्यांनी तुझी लबाडी लगेच पकडली असती. आता त्यांना वाकता येत नाही.