पाव डबा जास्त

१ जून, मंगळवार

दुकानात दारू नाही. प्यायची ढीगभर आहे, बंदुकीची नाही! फळीवर भलत्याच एका जातीचे तीन डबे. आपली हवी ती कधी येणार विचारलं तर पोरगा म्हणतो, "दोन वर्षं हेच चाललंय." जसं काही मीच नुकती जागी झालेय.

सिग्नेची राज्याची नेमबाजी बारा तारखेला. हवेत उडवलेल्या दोनशे मातीच्या तबकड्या फोडायच्या, म्हणजे दोनशे काडतुसं. तयार काडतुसं मिळत नाहीत, मिळाली तर सोन्याच्या भावाने. नातीला आजवर मीच भरून दिली, याही वेळी मीच देणार.

२ जून

ऑर्लिन कॉफीला. माझा नवरा मेल्विन गेला, पण त्याचा भाऊ रोज सकाळी दहाला हजर. कामाचा नाही, नुसता तोंडाचा.

"वहिनी, मिळते ती घे. थोडी कमी घाल, झालं!"

म्हटलं, कमी म्हणजे किती?

"अंदाजाने गं. चाळीस वर्षं भरतोय मी."

चाळीस वर्षांत एक पुस्तक उघडलं नाही बाबाने! मी सहावीत शाळा सोडली, पण एवढं मला कळतं - टरफल, ठिणगीची टोपी, आतला प्लास्टिकचा पेला, दारू, चारही कंपनीच्या कोष्टकात लिहिल्याप्रमाणे हवीत. एक बदललं की तो आकडा मेला. लोकांना केक करताना वाटी मोजता येते, इथे मात्र अंदाज!

४ जून, शुक्रवार

सिग्नेने कोष्टकं वाचली, मी बोट ठेवून तपासली. दुकानातली ती दारू आमच्या टरफलांसाठी कुठेच नाही. दुसऱ्या टरफलाचा आकडा आहे. दिसायला जुळी भावंडं! पण आतला घेर वेगळा.

दारूच्या कंपनीला फोन केला. पाऊण तास वाजंत्री ऐकली. मग एक माणूस.

"या टरफलात ती आम्ही तपासलेली नाही, बाई. आकडा नाही."

"अंदाजे?"

"अंदाज देत नाही."

पहिला शहाणा माणूस भेटला या महिन्यात. सिग्ने हिरमुसली. "आजी, ऑर्लिनआजोबा तर म्हणतात -" म्हटलं, ऑर्लिनआजोबांना म्हणावं आधी स्वतःचा पंप दुरुस्त करा.

माझ्या जुन्या दारूचा अर्धा डबा आहे. तिचं कोष्टक आहे, चारही गोष्टी जुळतात. हिशेब केला, दोनशे काडतुसं जेमतेम निघतात. त्यातच भागवायचं.

७ जून

पोरगी सरावाला, मागच्या उरलेल्या काडतुसांनी, पंचवीसपैकी पंचवीस. मी नुसतं "बरं" म्हटलं. डोक्यात हवा जायला नको.

८ जून

चर्चमध्ये अंत्यविधीचं जेवण. सकाळपासून बटाटे सोलले. मेलेल्याला दोन शब्दही चांगले बोलायला कोणाला जमेना, गोड वड्या मात्र तीन ताटं संपल्या.

१० जून, गुरुवार

दोनशे झाली. दर दहाव्या मापाला तराजू. टेबलावर एका वेळी एकच डबा, हा माझा नियम. पाठ मोडली. पेट्यांवर तारीख घालून दिल्या. सिग्ने म्हणाली, "आजी, तू बेस्ट!" म्हटलं, लाडीगोडी पुरे, बूट पुसून घे.

१२ जून, शनिवार

सकाळी तळघर आवरायला गेले. डब्यावर चिकटपट्टी लावते मी, दर पंचवीस काडतुसांमागे एक रेघ. रेघांप्रमाणे डबा तळाला लागायला हवा. उचलला तर पाव डबा खळखळला!

पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

शेजारी बदकांच्या शिकारीच्या काडतुसांच्या दारूचा डबा. काम संपल्यावर काडतुसं भरायच्या मशीनच्या नळीतली उरलेली भलत्याच डब्यात ओतली असणार. मीच. दुसरं कोण हात लावतं? कधी, ते आठवेना. दोन्ही काळ्याच. नुसत्या बघून कोणाला सांगता येणार? मिसळलेली दारू जास्त भडकली तर बंदूक फुटते, आणि ती पोरीच्या गालाशी.

तिचा फोन बंद. क्लबला लावला. बाई म्हणते, "पहिली फेरी झाली, चोवीस लागल्या! काय सुरेख -" मी ओरडले, थांबवा तिला!

भोंग्यावर सांगितलं म्हणे सगळ्या मैदानाला. "सिग्ने ऑस्टबी, आजीचा निरोप - काडतुसं वापरू नकोस."

१३ जून

आली. बोलली एवढंच - "तिथे काडतुसं विकत मिळत नव्हती. ज्यांच्याकडे होती त्यांनी मोजून आणलेली. बाकीच्या तबकड्या मी बाकावर बसून बघितल्या." मग म्हणाली, "पहिली पंचवीस उडाली ना नीट!"

पंचवीस उडाली म्हणून सव्विसावं उडेल? पण कोणत्या तोंडाने सांगू?

१४ जून

पेट्या फोडल्या. एकशे पंचाहत्तर काडतुसं चाकूने कापली, एकेक. छर्रे डब्यात, दारू मागच्या गवतावर पसरून टाकली. सिग्ने एकदा जिन्यावर आली. "आजी, हल्ली तुला विसरायला होतं का गं?" चिडून विचारलं असतं तर बरं. काळजीने विचारलं.

मशीनवर चादर टाकली. जो हात स्वतःचा डबा ओळखत नाही, त्याने कोणाची काडतुसं भरू नयेत. काल गॅसही तीनदा बघितला. बंदच होता.

१५ जून

आज चार वेळा बघितला.

१६ जून, बुधवार

ऑर्लिन दहाला. सिग्ने टेबलाशी. कॉफी ढवळत म्हणतो, "काय वहिनी, उपयोगी पडली ना माझी दारू? तू चर्चला गेली होतीस तेव्हा ओतून ठेवली तुझ्या डब्यात. नुसता अर्धाच होता गं, पोरीला कमी पडायला नको म्हटलं. काळीच होती माझीही."



सिग्ने उठली. त्याच्या हातातला कप काढून घेतला, निम्मा भरलेला. सिंकमध्ये ओतला आणि त्याची टोपी आणून त्याच्यासमोर ठेवली.