सतरा नंबरच्या वाळूत काय उगवलं

परममित्र ड्रायव्हरसाहेब यांस,

तुमच्या जुन्या कंडक्टरचा, कंबर वाकेल तितका वाकून नमस्कार. इकडे आम्ही दोघं बरे आहोत (माझा उजवा गुडघा आणि हिची झोप सोडून). तुम्हीही बरे असाल असं धरून चालतो, कारण तुम्ही काही कळवत नाही. रक्तदाबाची गोळी सकाळची सकाळीच घेता ना? मुलाच्या घरी तिसऱ्या मजल्यावर राहता, जिना उतरताना कठड्याला धरता ना? जिन्यातला दिवा गेलाय असं तुम्ही गेल्या वर्षी लिहिलं होतं, तो बदलला का? मला त्या दिव्याची फार काळजी लागून राहिली आहे. ही म्हणते, लोकांच्या जिन्यातल्या दिव्याची काळजी करणारा माणूस स्वतःच्या मोरीत रोज ठेचकाळतो. ते खरं आहे, पण तो वेगळा विषय.

आता मुद्द्याचं. तुमची सतरा नंबरची जागा राहते की जाते, असा प्रश्न उभा आहे. घाबरू नका. (मी घाबरलेलो आहे, एका जागेसाठी एक माणूस पुरे.) तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून लिहितो, कारण सातवी शिकलेल्या माणसाला मधूनच सुरुवात करता येत नाही. आपण दोघांनी निवृत्तीच्या वर्षी या किनाऱ्यावरच्या वसाहतीत शेजारी शेजारी जागा घेतल्या, तुमची सतरा, माझी अठरा. बावीस वर्षं एका गाडीवर काढली, आता एका कुंपणावर काढू, असं तुम्हीच म्हणाला होतात. वहिनींनी जागा पाहिली तेव्हा चपला काढून हातात घेतल्या, वाळूतून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या आणि म्हणाल्या, "सगळं छान आहे, फक्त बसायला सावली नाही." त्यानंतर चार महिन्यांत त्या गेल्या. तुम्ही मुलाकडे गेलात. मी पाच पत्रं पाठवली, तेव्हा तुमचं पहिलं आलं. त्यात दोन ओळी. प्रकृती ठीक आहे. जागेचं काय ते तुम्ही बघा.

हिनं ते वाचून सांगितलं, की त्यांनी जागा सोडली असा याचा अर्थ. मी म्हटलं, मला तसं काही लिहिलेलं दिसत नाही. 'तुम्ही बघा' असं लिहिलंय, तर मी बघतो. (अर्थ मला कळला होता. मी शिकलो कमी असेन, पण तुमचं बोलणं मला गिअरच्या आवाजावरून कळत आलं आहे.) तर तेव्हापासून मी बघतो आहे.

वसाहतीचा नियम तुम्हाला आठवत असेल. तीन वर्षांच्या आत निम्म्या जागेवर जिवंत झाडोरा दिसला पाहिजे, नाहीतर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला. नियम चुकीचा नाही. एकाच्या अंगणातली मोकळी वाळू वाऱ्यानं उठते आणि दुसऱ्याच्या भातात पडते. पहिल्या वर्षी मी आपल्या अठरा नंबरात एक ट्रक तांबडी माती टाकली, रोपवाटिकेतून गुलाबाची दहा रोपं आणली आणि हिरवळीचे चौकोनी तुकडे आणले, जे सतरंजीसारखे अंथरायचे असतात. मी अंथरले. चौथ्या दिवशी खारा वारा सुटला. सकाळी पाहतो तर गुलाबाची पानं कोणी तापलेली इस्त्री फिरवावी तशी करपलेली, आणि सतरंजी पिवळी. मी पाणी वाढवलं. पाणी घातलं की वाळू ते गिळायची आणि पुन्हा तोंड वासून बसायची. खत घातलं, सावलीला हिचं जुनं पातळ बांधलं (नवीन निघालं, ते प्रकरण अजून मिटलेलं नाही), गुलाबांशी बोललोसुद्धा. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारी मासेमारीची जाळी दुरुस्त करत बसते. सगळे तिला जाळेवाली मावशी म्हणतात. मी तिसऱ्यांदा गुलाब घेऊन जाताना तिनं विचारलं, "आजोबा, किती गुलाबांना समुद्र दाखवून मारणार?" मला राग आला. आजोबा काय म्हणून? ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी असेल. पण राग गिळून विचारलं, मग काय लावू? तर ती म्हणाली, "लावायचंय कशाला? लागलंय तेच आणा की." आणि दाताखालचा दोरा तोडून तिनं किनाऱ्याकडे हात केला. तिथं वाळूवर मर्यादवेल पसरलेली होती. आपट्यासारखं दुभंगलेलं पान, जांभळट फूल, आणि दोरखंडासारखी लांबच लांब धावलेली. मी तिच्यावरून दोन वर्षं चालत होतो. मावशी म्हणाली, ही पेरापेराला मूळ धरते आणि वाळू बांधून ठेवते. समुद्रानं इथवर यायचं, पुढं नाही, हे त्याला हीच सांगते. मी मनात म्हटलं, म्हणजे कंडक्टरच की.

पण ही म्हणाली, "रानटी झाडं माझ्या दारात नकोत. लोक म्हणतील, यांच्याकडे झाडलोट होत नाही." तिचंही खरं. आणि मलाही मनातून धीर होईना. म्हणून मी विचार केला, आधी तुमच्या जागेत लावून पाहावं. (वाईट वाटून घेऊ नका. नवीन रस्ता आला की तुम्हीसुद्धा मला आधी खाली उतरवून पुढं चालत पाठवायचात.) तर तुमच्या जागेत मी मर्यादवेलीचे हातभर लांबीचे पंचवीस तुकडे आडवे पुरले. समुद्राच्या बाजूला रावणाच्या मिशा लावल्या. हे एक गवत आहे, नाव ज्यानं ठेवलं त्याला ते नक्की टोचलेलं असणार. त्याच्या बियांचे काटेरी गोळे होतात आणि वारा आला की ते किनाऱ्यावरून स्वतःच्या पायांनी असल्यासारखे पळतात. तसला एक गोळा चांगला वाटला म्हणून मी त्याच्या मागे पळालो. या वयात, या गुडघ्यानं. तो थांबायचा, मी वाकायचो, तो पुन्हा सुटायचा. फिरायला आलेली माणसं कट्ट्यावर उभी राहून बघत होती, आणि त्यांतल्या एकानं तर "आजोबा, डावीकडे, डावीकडे!" म्हणून ओरडायला सुरुवात केली. शेवटी गोळा केवड्याच्या बेटात शिरला आणि त्याच्या मागोमाग मीही. केवड्याच्या पानाला दोन्ही कडांनी काटे असतात आणि मधल्या शिरेलाही असतात, ही माहिती मला एकाच वेळी तिन्ही बाजूंनी मिळाली. हिनं चिमट्यानं काटे काढले आणि प्रत्येक काट्यामागे एक वाक्य ऐकवलं. सगळी वाक्यं इथं लिहीत नाही.

आणि मधोमध उंडी लावली आहे, हे किनाऱ्यावरचंच सावलीचं झाड. उंडीची बी लिमलेटच्या गोळीएवढी आणि दगडासारखी कठीण. पुरली आणि दोन महिने काहीच नाही. मी रोज उकरून बघायचो. मावशी म्हणाली, "तुमच्या आईनं तुम्हाला असं रोज उघडून बघितलं असतं तर तुम्ही तरी वाढला असता का?" मग उकरणं सोडलं आणि ती आली. आता माझ्या मांडीपर्यंत आहे, पानं तेल लावल्यासारखी चकचकीत. तिला खाऱ्या वाऱ्याचं काही वाटत नाही. सावली अजून एका मांजरापुरती पडते, पण पडते. वहिनी ज्या जागी थांबल्या होत्या असं मला वाटतं, तिथंच लावली आहे. दोन हात इकडे-तिकडे झालं असेल, मला तेव्हा ठाऊक असतं तर खूण करून ठेवली असती.

ड्रायव्हरसाहेब, तुमची जागा आता सकाळी बघण्यासारखी असते. फुलं उन्हं चढेपर्यंत राहतात, दुपारी मिटतात. तेवढ्या वेळात मी तिथं कुंपणाशी जाऊन बसतो. बोलायला कोणी नसतं, पण तसं गाडीवर तरी आपण कुठं बोलायचो? बावीस वर्षं मी तुमची मान पाहिली. तोंड पाहायला मिळायचं ते फक्त चहाच्या थांब्यावर. तरी काय वाटेल ते सांगता यायचं. घंटी एकदा मारली की थांब, दोनदा मारली की चल, आणि नुसता पत्र्यावर हात ठेवला की तुम्ही आरशातून बघायचात. आता दिवसभरात माझ्या बोलण्याला उत्तर देणारी ही एकटी, आणि ती उत्तरं आधीच देऊन मोकळी झालेली असते.

असो. गेल्या आठवड्यात तपासणी झाली. वसाहतीचे सेक्रेटरी निवृत्त मुख्याध्यापक आहेत, हातात वही, खिशात लाल पेन. तुमच्या जागेत शिरले आणि हरखलेच. 'संपूर्ण हिरवी, उत्तम' असा शेरा मारला. मग आमच्याकडे आले. शेवटचा गुलाब उभा होता, त्याच्याकडे बघून म्हणाले, "हा खराटा इथं का पुरलाय?" मग जाता जाता मला म्हणाले, "सतरा नंबरवाल्यांकडून शिका जरा. शेजारी असून तुम्हाला काही घेता आलं नाही?" मला रडावं की हसावं कळेना. ही मात्र आत जाऊन हसली, मला पातेल्यांच्या आवाजावरून कळलं. थोडक्यात, तुम्ही पास आणि मी नापास. मला दोन महिन्यांची मुदत दिली आहे. आता हिचीही हरकत राहिलेली नाही, तेव्हा तुमच्या वेलीचे तुकडे मी माझ्याकडे नेणार आहे. चोरी समजू नये.

पण अडचण पुढंच आहे. प्रमाणपत्रावर जागेच्या मालकानं तीस तारखेपर्यंत स्वतः येऊन सही करायची आहे. नाही केली तर झाडोरा कितीही हिरवा असो, जागा पुढच्या माणसाला. तो पुढचा माणूस येऊन टेपनं मोजून गेलासुद्धा. मी सहज विचारलं, काय लावणार? म्हणाला, सिमेंट. मोटार उभी करायची आहे. उंडीच्या शेंड्यावर हात ठेवून बोलत होता. तेव्हा तुम्ही एक दिवस या. सकाळच्या गाडीनं यायचं, सही करायची, संध्याकाळच्या गाडीनं परत. एवढी एकच विनंती.

तुमचा, मागच्या दाराशी उभा असलेला,
कंडक्टर

ता. क. जाड तळाच्या चपला आणाव्यात. रावणाच्या मिशांबद्दल वर लिहिलंच आहे.

दुसरा ता. क. हिनं पत्र वाचलं आणि म्हणाली, एका दिवसासाठी माणसाला कोणी बोलावतं का? आठ दिवसांचं लिहा. तर आठ दिवस या. आमच्याकडे जिना नाही, एकच पायरी आहे, तिला मी पांढरा रंग दिला आहे. डॉक्टर दोन गल्ल्या सोडून. पलंग खिडकीशी लावला आहे, वारा सोसत नसेल तर भिंतीशी लावू, आणि मग आठाचे पंधरा झाले तरी कोणी मोजणार नाही.

तिसरा ता. क. (हा हिला दाखवलेला नाही.) तुमची सही मी केली. बावीस वर्षं रोज ड्यूटीच्या रजिस्टरात माझ्या सहीच्या वर तुमची सही पाहत आलो, तरी चार दिवस रद्दीच्या कागदावर गिरवली. तुमची शेवटची रेघ वर जाते, माझी घाबरून खाली येत होती. परवा सेक्रेटरींना नेऊन दिली आणि सांगितलं, ते स्वतः येऊन गेले, तुमची गाठ पडली नाही. त्यांनी सही पाहिली, माझ्याकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि शिक्का मारला. तेव्हापासून दारावर कोणी टकटक केलं की मी आधी खिडकीतून लाल पेन दिसतं का ते बघतो. पण जागा तुमचीच राहिली. तुम्ही आलात काय, न आलात काय, आता ती कुठं जात नाही. तीस तारखेचा तो मजकूर मी पत्रातून काढून टाकणार होतो, कोरा कागदही घेतला होता. पण तो काढला तर तुम्हाला बोलवायला माझ्याकडे दुसरं काही कारणच राहीना.