दारावरचं नाव

पॅरिस, जुलै १७९३

लाँबेरदादा,

तुझ्या पत्रावरची लाखेची मोहर दोनदा वितळवलेली दिसली. म्हणजे माझ्याआधी ते कुणीतरी वाचलंय. म्हणून हे उत्तर टपालात नाही, चुलीत जाणार.

घरात राहणाऱ्यांची नावं दारावर लावायचा हुकूम आहे. गास्पारचं नाव मी काढलंच नव्हतं. शेजारची पेरीन रोज टोचते, "नागरिकबाई, नवरा लढाईत मेला ना? मग दारावर कोण नांदतंय?" आणि तू लिहितोस, "ते नाव राहू दे, मी येऊन तिथे गास्पार म्हणून राहीन."

दादा, जहालांचे पुढारी युद्ध नको म्हणत होते. तुम्ही मवाळांनीच ते टाळ्या वाजवून मागितलंत. याच टेबलाशी सूप पिताना तू गास्पारला म्हणालास, "सहा आठवड्यांत परत येशील रे!" आता जहाल तुझ्या मागावर आहेत, तर लपायला तुला त्याचंच नाव हवंय?

कोपऱ्यावर सकाळपासून दोन अनोळखी माणसं उभी आहेत. त्यांच्यादेखत मी ते नाव खोडलं, लांबून दिसेल इतकं जाड. दिसलं की मागे फिर. तुला वाचवायला खोडलं की रागाने, ते मात्र मला विचारू नकोस.

तुझीच बहीण,
उर्सुल