ओला झेंडू

व्हॅलेन्सिया,
गुरुवार, ३१ जुलै

प्रिय फिनेता,

दर वर्षी फुलांच्या लढाईनंतरच्या सोमवारी माझं पत्र तुझ्याकडे तुलूजला निघतं. यंदा गुरुवार उजाडला. तू पोस्टमनला एव्हाना दोनदा तरी बोलून घेतलं असशील, पण त्या बिचाऱ्याचा दोष नाही. चार दिवस मी पेन हातात घेते आणि ठेवून देते. जुलैच्या या उकाड्यात माझे हात गार पडलेत. लेक म्हणते, आई, तू धड जेवत नाहीस. मी म्हणते, हवा बदलली की होतं असं. हवा कुठली बदलतेय, तीच जत्रा, तेच ऊन.

तुझा पहिला प्रश्न ठरलेला: सगळ्यात देखणा रथ कुठला? यंदा मोराचा. शेपटीला खरी फुलं टोचली होती, बक्षीसही त्यालाच मिळालं. मुली तशाच, रेशमी घागरे, कानांवर वेण्यांच्या चकल्या, हातात फुलं परतवायची रॅकेट. आलामेदाच्या रस्त्यावर आम्हाला पहिल्या रांगेत जागा मिळाली होती, पायाशी झेंडूच्या दोन टोपल्या. शेजारी माझी नात, आइताना. सतरा पुरी झाली तिला. तिची मैत्रीण कार्ला तुला आठवत असेल. मागे तू आलीस तेव्हा दोघी एकाच खुर्चीत बसून एकच कलिंगडाची फोड खात होत्या. ती कार्ला यंदा रथावर होती. आपल्या वस्तीच्या मंडळातून एकच मुलगी निवडतात, आणि आइतानाला खात्री होती की आपलंच नाव येणार. घागराही शिवायला टाकला होता. कार्लाचं नाव आलं तेव्हा ही तिच्या गळ्यात पडून म्हणाली, "तुलाच शोभतं गं ते, मी कसली, रथ मोडेल माझ्यानं." सगळे हसले. पोरीचं मन मोठं आहे, असं मी कौतुकानं शेजारणीला सांगितलंसुद्धा.

रथांच्या तीन फेऱ्या झाल्या. लढाईच्या फटाक्याची वाट बघत सगळे मुठी भरून बसले होते. तेवढ्यात आइतानानं माझ्यासाठी आणलेल्या गार पाण्याच्या ग्लासात एक झेंडू बुडवला. अंगठ्यानं दाबून धरला, चांगला तळाशी. मी म्हटलं, "हे काय गं?" म्हणाली, "सुकलंय उन्हानं, आजी." मी मान फिरवली आणि हातपंख्यानं वारा घेत बसले. फिनेता, आपल्या गावातल्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं, भिजलेला झेंडू केवढा जड होतो ते. मला ठाऊक होतं. तरी मी मान फिरवली.

फटाका वाजला. दोन्ही बाजूंनी फुलांचा मारा सुरू झाला, मुली रॅकेटनं टोलवत होत्या, ओरडत होत्या. कार्लाचा रथ आमच्यासमोर आला तेव्हा अंतर चार-पाच पावलांचंच असेल. तिला आइताना दिसली. तिनं रॅकेट खाली घेतली आणि जीभ काढून वेडावून दाखवलं. तेवढ्यात आइतानाचा हात सुटला. त्या फुलाचा आवाज फुलासारखा नव्हता, ओलं फडकं दगडावर आपटावं तसा होता. कार्ला मटकन खाली बसली. लोकांना वाटलं, पोरगी लाडात आली. त्यांनी तिच्यावर आणखी फुलं फेकली. रथ पुढे निघून गेला. मी आइतानाकडे बघत होते. तिच्या चेहऱ्यावर भीती नंतर आली. त्याआधी, पापणी लवायला लागेल तेवढा वेळ, तिथे समाधान होतं.

कार्लाच्या डोळ्यात आत रक्त साकळलंय. तिला उशांना टेकवून बसवून ठेवलंय, मान हलवायची नाही. डॉक्टर म्हणतात, रक्त ओसरतंय, पण नजर पूर्ववत होईल की नाही ते पुढच्या आठवड्यात कळेल. आइताना रोज तिच्याकडे जाते, तिला फोनवरचे निरोप वाचून दाखवते, भरवते. कार्लाची आई मला म्हणाली, "सख्खी बहीण करणार नाही इतकं करते हो तुमची नात." कार्लानं विचारलं, कुणी मारलं असेल गं? आइताना म्हणाली, "गर्दीत कुणाला कळतंय." मी दारात उभी होते. मला भिंत धरावी लागली.

तुलाही भिंती धरून चालावं लागत होतं, एकाहत्तरच्या त्या हिवाळ्यात. डाव्या डोळ्यावर पट्टी, आणि बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी हात टेकलेले. मी शाळा सुटली की सरळ तुझ्याकडे यायचे आणि मदर आसुन्सिओननं दिलेला अभ्यास मोठ्यानं वाचायचे. तुझी आई माझ्यासमोर हॉर्चाताचा ग्लास ठेवायची आणि म्हणायची, "मैत्रीण असावी तर अशी." तुझे बाबा खालच्या हातपंख्यांच्या कारखान्यातून कोरा रेशमी पंखा आणायचे, बघू रंगवायला जमतंय का म्हणून. तुझ्यासारखी बारीक पानं तिथल्या जुन्या कारागिरांनाही रंगवता येत नसत. तू कुंचला टेकवायला जायचीस आणि तो रेशमाच्या बोटभर अलीकडेच थांबायचा. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा तू कुंचला धुऊन ठेवलास आणि हसलीस. मी रडले. तू माझीच समजूत काढलीस.

मंगळवारी स्वयंपाकघरात आइताना शेंगा मोडत बसली होती. वर न बघता म्हणाली, "आजी, तू पाहिलंस ना?" मी हो म्हटलं. "मग सांगणार आहेस?" मी म्हटलं, मी नाही, तू सांगायचंस, आणि डॉक्टरांचा निकाल यायच्या आत. नजर परत आल्यावर सांगणं सोपं आहे. ती रडायला लागली. म्हणाली, "ती माझं तोंड पाहणार नाही परत. तू असतीस तर सांगितलं असतंस? खरं सांग, तू तर मदरांच्या शाळेतली." रात्रभर विचार करून बुधवारी सकाळी मी तिला उत्तर दिलं. ते तुझ्याआधी तिला कळलं, याचीही मला लाज वाटते.

फिनेता, त्या वर्षी तुझ्या डोळ्यावर बसलेलं ते फूल माझं होतं. रथाच्या घोड्यांसाठी ठेवलेल्या बादलीत मी ते भिजवलं होतं. तुझं नाव निवडलं गेलं आणि माझं नाही, एवढंच कारण, दुसरं शोधून सापडत नाही. आंधळेपणानं फेकलं नव्हतं. तुझी रॅकेट खाली यायची मी वाट पाहिली, आणि ती खाली आली, कारण तुला गर्दीत मी दिसले. त्याच आठवड्यात मी पाद्रीबाबांपाशी कबुली दिली. त्यांनी जपमाळ तीनदा म्हणायला सांगितली. मी ती म्हटली आणि चोपन्न वर्षं स्वतःला सांगत आले की झालं, फिटलं. देवाला सांगणं मला जमलं, तुझ्या घराचा जिना मी रोज चढत होते तरी तुला सांगणं जमलं नाही. तू फोन करशील की नाही, पत्र पुरतं वाचशील की नाही, ते तुझ्यावर. मी काही मागत नाही. आइताना चपला घालून दारात उभी आहे. आम्ही दोघी बरोबरच बाहेर पडणार आहोत. ती म्हणते, "आधी तू पत्र पेटीत टाक, मी बघते, मग कार्लाकडे जाऊ."

अजून तरी तुझीच,
चेलो